घरचं कोण?

संकटात पळायचं कसं, हे देवखारच्या लोकांना शिकवायला तालुक्याहून माणसं आली, त्या दिवशी सगळं गाव पळालं खरं, पण नेमकं उलट्या दिशेला.

देवखार म्हणजे धरमतर खाडीच्या कडेचं, पेण तालुक्यातलं गाव. शेतं खाडीच्या पातळीहून खाली, आणि खाडी आणि शेत यांच्यामध्ये आडवा एक मातीचा बांध. मोठ्या भरतीला बांधाच्या एका अंगाला भात डुलत असतं आणि दुसऱ्या अंगाला पाणी पुरुषभर उंच उभं असतं. बांध फुटला, म्हणजे गावच्या बोलीत खांड गेली, की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथे भाताची काडी उगवत नाही. म्हणून जुन्या लोकांनी एक रीत घालून दिली, तिचं नाव जोळ. बांधावर ढोल वाजला की घरटी एका माणसानं फावडं-घमेलं घेऊन धावत सुटायचं. जेवत असलात तर हात न धुता उठायचं, घरात लग्न असलं तरी मांडवातून निघायचं.

हा ढोल जगनच्या ताब्यात होता. त्याच्या आधी तो त्याच्या बापाच्या, गुणाजीच्या ताब्यात होता. ढोल वाजवता वाजवता जगन एकेका घराचं नाव पुकारी, "प्रविण बारकू, घरचं कोण?" आणि चिखलातून आवाज येई, "हाय!" सगळी घरं पुरी होईपर्यंत ढोल थांबायचा नाही, हा नियम. आणि दुसरा नियम असा, की ढोल वाजवणारा माणूस मोजणीत धरायचा नाही. त्याच्या घरचं माणूस वेगळं यायला हवं.

हा दुसरा नियम मृणालीनं लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात डोळ्यांनी पाहिला होता. ती रोह्याची, शहरातली पोर. नवरा प्रणित रोह्यालाच कंपनीत कामाला, आणि त्या दिवशी तो शिफ्टवर होता. जगननं ढोल वाजवत सगळी नावं घेतली आणि शेवटी स्वतःचंच नाव पुकारलं, "जगन गुणाजी, घरचं कोण?" कुणीच नाही. लोक हसले, म्हणाले, अरे तू उभा हायस ना! पण जगन कसला ऐकतो. ढोल बडवतच राहिला. शेवटी त्याची बायको, मृणालीची सासू हौसा, साडीचा काचा मारून डोक्यावर घमेलं घेऊन चिखल तुडवत आली आणि ओरडली, "हाय! मी हाय! आता तरी थांबवा तो ढोल!" तेव्हा कुठे ढोल थांबला. मृणालीला त्या दिवशी सासऱ्याचा रागही आला आणि कौतुकही वाटलं. स्वतःला सूट न देणारा माणूस तिनं तोवर जवळून पाहिलाच नव्हता.

तर सांगत होतो त्या तालमीचं. निसर्ग वादळात खाडीकाठच्या गावांची दैना झाली, तेव्हापासून सरकारनं गावोगावची तरुण मंडळी निवडून त्यांना आपत्तीचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. देवखारमधून मृणाली गेली. अलिबागहून परत आली ती नारिंगी जाकीट, शिट्टी, दोर आणि डोक्यात पक्का आराखडा घेऊन. गावात उंचावर आहे ते फक्त मोहल्ल्याचं टेकाड, आणि टेकाडावर सगळ्यात मजबूत घर नूरबानोचं. तिचा नवरा महमूद कुवेतला, त्यानं तिकडच्या कमाईतून दोन मजली सिमेंटचं घर बांधलेलं. नूरबानोनं विचारल्याबरोबर हो म्हटलं. वर पुन्हा म्हणाली, "फरशी नवीन हाय म्हणून लाजू नका. फरशी धुता येते."

ठरलं असं, की ढोल वाजला की सगळ्यांनी टेकाडावर जमायचं. ढोलाइतका लांब ऐकू जाणारा आवाज गावात दुसरा नव्हताच. तालमीच्या सकाळी जगननं बांधावर उभं राहून ढोल वाजवला, आणि गाव फावडी-घमेली घेऊन जे सुटलं ते थेट बांधावर. ज्या म्हाताऱ्यांना उचलून न्यायचं ठरलं होतं, ते स्वतःच काठी टेकत निघाले होते. टेकाडावर तालुक्याचे साहेब गळ्यात शिट्टी अडकवून एकटेच उभे, आणि शेजारी नूरबानो, चहाचं भलंमोठं पातेलं आणि खारीचे पुडे मांडून. दोघांनी एकेक कप घेतला, दुसरं करणार काय.

मृणालीच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन ती सासऱ्यावर चिडलीच. "बाबा, तुम्ही तरी सांगायचं ना सगळ्यांना, वर जा म्हणून!"

"सांगितलं व्हतं," जगन शांतपणे म्हणाला. "पर ढोल वाजला की पाय बांधाकडंच वळतात. माझे पन वळतात. त्याला काय करू?"

हौसा चुलीपाशी भाकरी थापत होती. ती एवढंच म्हणाली, "ढोल बांधावर वाजतो, म्हणून वळतात." पण तेव्हा तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मृणालीनंही नाही. ढोल बाद झाला. त्याऐवजी मशिदीचा भोंगा आणि फोनवरचा गट, असं नव्यानं ठरलं, आणि सगळ्यांना ते पटलं.

आषाढातल्या अवसेला हे सगळं कसाला लागलं. पाऊस कितीतरी दिवस सरळ धारेनं ओतत होता. नागोठण्याकडून अंबा नदी तुडुंब भरून खाडीत उतरत होती, वारा समुद्राकडून घोंघावत होता, आणि दुपारी अवसेचं मोठं उधाण. नदीचं पाणी बाहेर जाणार कसं, आणि खाडीचं आत येणं थांबणार कसं? सकाळीच फोनवर लाल इशारा आला. पाठोपाठ प्रणितचा फोन आला. रोह्याला कुंडलिका रस्त्यावर आली होती, कंपनीनं शिफ्ट आतच थांबवून ठेवली होती. "मृणाल, बाकी सगळे ऐकतील," तो म्हणाला. "बाबा नाय ऐकायचे. त्यांना बांधावरून आण. काही पन कर, पन आण." ती हो म्हणेपर्यंत फोन तुटला. थोड्या वेळात वीज गेली, मग टॉवर गेला. म्हणजे भोंगाही गेला आणि गटही गेला.

सासू-सून दोघी बांधावर गेल्या. जगन पहाटेपासून तिथेच. उघाडीजवळच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराजवळच्या, खोपीत ढोल टांगलेला, आणि जगन गुडघाभर पाण्यात उभा राहून बांधाच्या आतल्या अंगाला मातीच्या गोणी लावत होता. तिथे बांधाच्या पोटातून पाणी झिरपत होतं. हौसानं वाकून ओंजळीत ते पाणी घेतलं, बघितलं आणि सुनेला दाखवलं. गढूळ होतं. नितळ पाणी झिरपलं तर बांध नुसता भिजलेला असतो, गढूळ आलं तर आतली माती सुटून चालली, हे खाडीकाठच्या पोरासोरांनाही कळतं.

"वर चला," हौसा म्हणाली.

"भरती चढली की ढोल वाजवतो," जगन म्हणाला. "सगळा गाव आला तर धरून ठेवू बांध. आजवर धरलाच हाय ना? माझ्या बापाच्या हातची माती हाय ही."

"आज धरायचा नाय. आज नदी पन हाय."

"अगो, लावणी झाली हाय! रोपं हिरवी हायत!"

तो बोलत होता ते काही वेडेपणाचं नव्हतं. मृणालीनं बांधावरून खाली पाहिलं. नुकतं लावलेलं भात पावसात मान हलवत होतं. सगळ्या गावाचं वर्षाचं जेवण त्यात होतं. पण तिला हेही दिसत होतं, की हा माणूस ढोल वाजवणार आणि घरटी एक माणूस या गढूळ बांधावर येऊन उभं राहणार, ऐन उधाणात, आणि त्यातलं एकही मागे फिरणार नाही. "बाबा," ती म्हणाली, "हात जोडते, ढोल वाजवू नका."

जगन पुन्हा वाकला. तो पुढच्या गोणीला खांदा लावत होता.

तेवढ्यात हौसा खोपीत गेली. बाहेर आली तेव्हा ढोल तिच्या खांद्यावर होता. त्या ढोलाला बाईमाणसाचा हात कधी लागला नव्हता, दसऱ्याला हळदकुंकू लावण्यापुरताच काय तो. जगननं बघितलं आणि तो ओरडला, "ढोल ठेव! खाली ठेव गो!" तो हलू शकत नव्हता, खांदा काढला असता तर गोण सरकली असती. हौसानं मागे वळून पाहिलं नाही. पावसात निसरड्या बांधावरून, खांद्यावर तिच्याच कमरेएवढा ढोल घेऊन ती अशी चालत गेली, की मृणालीला तिच्यामागे जवळजवळ पळावं लागलं.

"आई, आणि बाबा? त्यांना इथंच सोडायचं?"

"ते बोलून येनारं मानूस नाय," हौसा म्हणाली. "चल."

नूरबानोच्या गच्चीवर पत्र्याची शेड होती. हौसानं तिथे ढोल मांडला, कपाळावरचं पाणी पुसलं, टिपऱ्या हातात घेतल्या आणि पहिला ठोका दिला. पहिले ठोके वेडेवाकडे पडले. मग तिचे हात लागले. आयुष्यभर ती तो ठेका ऐकत आली होती, कानात होता तो हातात उतरला. नूरबानोनं ढोल हलू नये म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

मृणाली खालच्या आळीत धावली, आणि तिथे जे तिनं पाहिलं ते ती जन्मात विसरायची नाही. दारं धडाधड उघडली. फावडी, घमेली, डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी. सवयीनं माणसं बांधाच्या वाटेला लागली, चार पावलं गेली आणि थबकली. आवाज समोरून येत नव्हता, पाठीमागून येत होता. वरून येत होता. क्षणभर सगळे पावसात तसेच उभे राहिले, आणि मग एकेक करत वळले. ढोल जिथे, तिथे जायचं. त्यांना रीत मोडायची नव्हतीच, रीतीनंच त्यांना वळवलं. मृणालीच्या मनात आलं, अलिबागला एवढं सगळं शिकले, शिकवणारेही चांगले होते, पण आमच्या गावचा ढोल फक्त उचलून वर न्यायचा होता हे त्यांना कुठून कळणार. ते घरातल्याच माणसाला कळायचं होतं. सासूचा तिला एवढा अभिमान वाटला, की रडू येईल असं वाटलं. पण रडायला वेळ कुठे होता. जोळीला एक माणूस जातं, आज घरातली सगळी माणसं वर न्यायची होती. शिट्ट्या मारत तिनं म्हातारीकोतारी पुढे घातली, पोरं कडेवर दिली, गोठ्यातल्या गुरांची दावी सोडायला लावली. अलिबागचं शिक्षण तिथे खरोखर कामाला आलं.

गच्ची भरली. नवी फरशी चिखलानं माखली. पुरुषमंडळी मात्र अस्वस्थ होती. "खांड कुठं गेली?" प्रविण बारकूनं विचारलं. "हितं कशाला बोलावलंस, काकी? बांधावर जायाला नको?"

ढोल न थांबवता हौसा म्हणाली, "खांड अजून गेली नाय. पर जानार हाय, मी पानी बघून आले."

"मग भात जाईल!"

"जाईल. पोरं दोन वर्सं तांदूळ इकत घेऊन खातील. पर बापाच्या हातचं खातील ना?" तिचा आवाज चढला. "प्रविण बारकू, घरचं कोण?"

प्रविण फावडं भिंतीला टेकवून म्हणाला, "हाय."

अशी तिनं सगळी घरं घेतली. खालची आळी, वरची आळी, मोहल्लासुद्धा, जो एरवी जोळीत नसे. नूरबानोलाही विचारलं, "महमूदच्या घरचं कोण?" आणि ढोल धरूनच नूरबानो म्हणाली, "हाय, हौसाबाय." एकेक घर पुरं होत गेलं. शेवटी एकच उरलं. ढोल वाजतच होता, पण हौसाचं तोंड मिटलं.

का ते गच्चीवरच्या सगळ्या बायकांना कळलं. हौसानं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. रेशन दुकानात विचारलं तरी ती दुसऱ्या कुणाला तरी सांगायला लावायची. तिनं डोळे मिटले, आणि खाडीकडे तोंड करून, शिरा ताणून ओरडली, "जगन गुणाजी! घरचं कोण?"

मृणालीला राहवलं नाही. "आई, मी हाय ना घरची! माझं नाव धरा आणि थांबा, हात बघा तुमचे." टिपऱ्यांवर रक्त लागलं होतं.

"तुला मी धरली नाय," हौसा म्हणाली. "तू गप ऱ्हा."

"मग मी जाते खाली, त्यांना घेऊन येते."

"कुनी जायाचं नाय!" हौसा अशी कडाडली, की प्रविणचाही उचललेला पाय खाली आला. "एक गेला की त्याला आनाया चार जातील. तुलाच शिकवलं ना तिकडं? ते मानूस ढोल ऐकतंय. ढोल थांबला तरच घात हाय."

तेव्हा मृणालीला उमगलं. घरं पुरी झाल्याशिवाय ढोल थांबत नाही, हे या गावात सगळ्यात पक्कं कुणाला ठाऊक होतं? आणि ढोल वाजवणाऱ्याला धरायचं नाही, हे सगळे हसले तरी कुणी पाळलं होतं? त्याच्याच नियमानं ती त्याला बोलावत होती. तो आला नाही तर? प्रणितला ती काय सांगणार होती? तिनं कठडा धरला आणि बांधाच्या वाटेवर डोळे लावले. पाऊस इतका, की शेताच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. वारा जोरात आला की ढोलही विरून जाई. हौसा अधूनमधून नाव घेई. पहिल्यांदा घेताना जड गेलं होतं, आता ती ते हाकेसारखं घेत होती. नूरबानो ओठातल्या ओठात दुवा पुटपुटत होती आणि बोटं बधिर झाली तरी ढोल सोडत नव्हती.

बऱ्याच वेळानं पावसातून एक ठिपका निघाला, वाकलेला, सावकाश. मग त्याच्या डोक्यावरचं घमेलं दिसलं. मृणाली ओरडणार होती, पण हौसानं नुसत्या नजरेनं तिला थांबवलं.

जगन जिना चढून वर आला. नखशिखान्त चिखल, एका हातात फावडं, डोक्यावर घमेलं. जोळीला यायचं तसा तो आला होता. लोकांनी त्याला वाट करून दिली. हौसा थांबली नाही. त्याच्या डोळ्यांत डोळे घालून तिनं विचारलं, "जगन गुणाजी! घरचं कोण?"

"हाय," तो पुटपुटला.

"ऐकू नाय आलं."

"हाय गो, हाय!"

तिच्या हातातून टिपऱ्या गळून पडल्या. इतक्या वेळच्या आवाजानंतर नुसता पाऊस ऐकू येऊ लागला. जगन म्हणाला, कुणाला उद्देशून ते कळलं नाही, "ढोल थांबंना. घरं मोजली बोटावर. सगळी पुरी झाली. मंग एकच ऱ्हायलं." बोलता बोलता त्यानं डोक्यावरचं घमेलं खाली ठेवलं.

त्यानंतर फार वेळ गेला नाही. उघाडीच्या बाजूनं एक जड आवाज आला, आणि जिथे तो सकाळपासून गोणी लावत होता, जिथे आज सगळी जोळ उभी राहिली असती, तिथून खाडी आत आली. बघता बघता हिरवी शेतं गढूळ पाण्याखाली गेली. बायका रडल्या. पुरुष खाली मान घालून उभे राहिले, कारण कोण कुठे उभं राहिलं असतं हे प्रत्येकाला ठाऊक होतं. प्रविणनं नुसतं हौसासमोर येऊन हात जोडले. दुसऱ्या कुणाला तेही सुचलं नाही.

जगन ढोलाला टेकून खाली बसला. बायकोचे हात त्यानं हातात घेतले, तळवे उलटे करून बघितले. कातडी सोलली होती. सगळ्यांदेखत त्यानं असं कधी केलं नव्हतं, पण आज कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

"माझं नाव घेतलंस तू," तो म्हणाला.

"तुमी येत नव्हतात."

"आनि नसतो आलो तर? किती येळ वाजवनार व्हतीस?"

"तुमी येईस्तवर," हौसा म्हणाली.